शरद, कॅमेरा आणि एकोणिसावे लेणे

शरद ऋतूविषयी आपल्याकडे सहसा कोणी वाईट बोलत नाही. शंभर शरद पाहावयास मिळावेत अशी प्रार्थना वैदिक ऋषींनी केली आणि कालिदासाने ‘ऋतुसंहारा’त त्याला नववधूच्या रूपात आणले. तक्रार असलीच तर ती वैद्यकाची. पावसाळ्यात साठलेले पित्त शरदाच्या उन्हात उसळते, एवढीच. युरोपातला शरद निराळा. तेथे पाने गळतात, दिवस आखूड होतात, धुके दाटते आणि माणसे उदास होतात. आपला शरद म्हणजे नवरात्र, दसरा, कोजागरी आणि दिवाळी. म्हणूनच २०२२ साली हा ऋतू आमच्या नारायणगुड्याच्या घरात काळोख घेऊन आला, तेव्हा त्याच्याशी कसे वागावे हे मला समजेना. आकाश निवळले होते, भाजीबाजारात झेंडूचे ढीग लागले होते. आणि मी मात्र दिवसा खिडक्या लावून बसत होतो.

त्या वर्षी आषाढात ही गेली. चव्वेचाळीस वर्षांचा संसार चार दिवसांच्या आजारात संपला.

वर्षभर सण करावयाचा नाही, म्हणून घट बसले नाहीत. एरवी नवरात्र आले की ही पाटावर हत्ती काढी, आसपासच्या मराठी घरांतल्या मुली गोळा करी, भोंडला झाला की त्यांना खिरापत ओळखावयास लावी. आणि ते आटोपले की तोच पदर खोचून शेजारच्या अक्कांच्या अंगणात बतुकम्माभोवती फेर धरी. महाराष्ट्रातल्या वाचकाला बतुकम्मा सांगावी लागेल. आपणांस सांगण्याची गरज नाही. तरवडाची पिवळी फुले, कुर्डूचे तुरे, झेंडू, शेवंती, भोपळ्याचे फूल, अशी थरावर थर रचलेली ती फुलांची उतरंड आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आपला हत्ती आणि त्यांची बतुकम्मा यांत हिला कधी मोठा भेद वाटला नाही. “दोन्हीकडे मध्ये काहीतरी ठेवायचे आणि बायकांनी भोवती फिरायचे,” असे ती म्हणे. त्या वर्षी अक्कांनी फेर आमच्या दारापासून दूर, गल्लीच्या टोकाशी धरला. तो आमच्या दुःखाचा मान राखण्यासाठी, हे मला कळत होते. परंतु गाणे दुरून ऐकू आले, तेव्हा ते जवळून लागले असते त्याहून अधिक लागले.

या उदासीत आणखी एक गोष्ट होती आणि ती मी कोणाजवळ बोललो नव्हतो. तेराव्या दिवशी हार घालण्यासाठी हिचा फोटो शोधावयास घेतला, तो सापडेना.

वाचकांना हे विशेष वाटणार नाही. पुष्कळ घरांत असे होते. पण आमच्या घरी ते होणे लाजिरवाणे होते, कारण आमच्या सगळ्या गोतावळ्यात ‘फोटोवाले’ म्हणून मीच ओळखला जातो. पलंगाखालच्या ट्रंकेत माझे चौदा आल्बम आहेत. गोवळकोंडा, बीदरचा मदरसा, वरंगळचे सहस्रस्तंभ मंदिर, रामप्पा, हंपी, बदामी, वेरूळ; कोठे म्हणून गेलो नाही! प्रत्येक ठिकाणी ही बरोबर होती. कॅमेऱ्याची पिशवी तिच्या खांद्यावर असे, पाण्याची बाटली तिच्या हातात असे, आणि ऊन ढगाआड गेले म्हणजे ते परत येईपर्यंत माझ्याबरोबर दगडावर बसून वाट पाहण्याचे कामही तिचेच असे. चौदा आल्बम उलथेपालथे केले, तेव्हा एका लग्नातला घोळक्याचा फोटो मिळाला. त्यातून तिचा चेहरा तेवढा कापून मोठा केला. त्या फोटोत तिच्या डाव्या खांद्याशी दुसऱ्या कोणाच्या तरी शालूचा काठ अजूनही दिसतो.

असे का झाले, याची कारणे मी स्वतःला पुष्कळ दिली. माझा पहिला कॅमेरा आग्फाचा क्लिक-थ्री. एका रोलात बारा फोटो. पगार थोडा, रोल महाग, धुलाई आणि छपाई त्याहून महाग. बारांपैकी एक जरी चुकला तरी जीव हळहळे. मी हिला म्हणावे, “थांब, तुझा एक काढतो,” आणि तिने म्हणावे, “माझ्यावर कशाला घालवता? देवळाचा काढा. मी काय, घरी आहेच.” हे मला पटत असे. देऊळ दूर राहणार होते आणि ती घरी असणार होती. पुढे यशिका आला, छत्तीस फोटोंचे रोल आले, मग रोलच गेले आणि हवे तितके फोटो फुकट निघू लागले. सवय मात्र बारांचीच राहिली.

मी व्यवसायाने नकाशाकार. सरकारी पाटबंधारे खात्यात धरणांचे, कालव्यांचे, मोऱ्यांचे नकाशे काढण्यात पस्तीस वर्षे गेली. छायाचित्रणाची ओढ लागली तीही एका नकाशाकारामुळेच. राजा दीनदयाळ हे नाव हैदराबादच्या माणसाला परके नाही. १८४४ साली मेरठजवळ सरधना येथे जन्मलेला हा गृहस्थ रुडकीच्या कॉलेजात शिकून इंदूरला बांधकाम खात्यात नकाशाकार झाला, हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला, आणि अखेरीस सहाव्या निजामाचा छायाचित्रकार होऊन सिकंदराबादेत त्याने स्टुडिओ थाटला. १८९४ साली त्याला ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला. आम्हाला कोणी किताब देणार नव्हते. पण नकाशाच्या टेबलावरून उठून जग पाहता येते, एवढा धीर त्याच्या चरित्राने दिला.

तेराव्यानंतर पुण्याला परतण्यापूर्वी मुलगी आल्बम आवरीत होती. एक जुना चौकोनी फोटो माझ्यापुढे धरून तिने विचारले, “बाबा, ही आई का?”

अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याचा दर्शनी भाग होता. ती घोड्याच्या नालेसारखी भव्य कमान, दोन्ही बाजूंचे यक्ष, खालची देवडी. आणि देवडीच्या पायऱ्यांजवळ करंगळीच्या नखाएवढी एक आकृती. मागे माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘लेणे क्र. १९. दर्शनी भाग. दिवाळी १९७९.’ तिचे नाव नव्हते.

मला सारे आठवले. ते आमच्या लग्नानंतरचे पहिलेच लांबचे फिरणे. मीच तिला तेथे उभे केले होते. तिचा फोटो काढावयाचा म्हणून नव्हे; शेजारी माणूस असल्याशिवाय लेण्याची उंची समजत नाही, म्हणून. नकाशात जसे आम्ही कोपऱ्यात माप देतो, तसे. जुने छायाचित्रकारही इमारतीपुढे एखादा शिपाई किंवा भिस्ती याच कारणासाठी उभा करीत. मी मुलीला म्हटले, “हो, आईच. मापासाठी उभी केली होती.” ती काही बोलली नाही. जाताना मात्र म्हणाली, “नुसते घरात बसू नका, बाबा. दसरा झाला की कॅमेरा घ्या आणि अजिंठ्याला जाऊन या.” पुढे पुण्याहूनच तिने तिकीट काढून पाठविले. न जाण्याला मग निमित्त उरले नाही.

कोजागरीनंतरच्या एका संध्याकाळी मी काचीगुड्याला गाडीत बसलो. मनमाडकडे जाणारी ही लाइन आम्हा मराठी मंडळींच्या अंगवळणी पडलेली आहे. निजामाबाद, बासर, धर्माबाद, नांदेड, परभणी ही नुसती स्टेशने नव्हेत. कोठे आत्या, कोठे मावशी, कोठे कुलदैवत. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आमच्यासारखी घरे इकडे राहिली, तेव्हापासून ही लाइनच आमचे माहेर झाली आहे. १९७९ साली ती मीटर गेजची होती. डबा इतका हले की हिने डब्यातून आणलेला दहीभात आम्ही एकमेकांच्या हातांचा आधार घेऊन खाल्ला होता. या खेपेस डबा हलत नव्हता. समोरच्या बाकावर कोणीतरी अनोळखी मनुष्य पांघरूण घेऊन झोपला होता.

पहाटे उतरलो ते शहर तेव्हा औरंगाबाद होते. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. तेथून लेणी शंभर किलोमीटरच्या आसपास. एस. टी. फुलंब्रीवरून सिल्लोडकडे निघाली आणि खिडकीतून मी बऱ्याच दिवसांनी ऊन पाहिले. छायाचित्रकाराला शरद का आवडतो ते सांगतो. पावसाने हवेतली धूळ धुऊन काढलेली असते. सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे किरण तिरपे येतात, सावल्या लांब पडतात आणि दगडावरची प्रत्येक रेघ उठून दिसते. उन्हाळ्यात हाच दगड सपाट आणि पांढरा दिसतो. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला तरवड फुलला होता. पण शेतांत परतीच्या पावसाने झोडपलेले सोयाबीन काळे पडून आडवे झाले होते. ऋतू एकच; कोणाला तो फुलवतो, कोणाला बुडवितो. माझे दुःख एकट्याचे नाही, असे मला त्या काळ्या शेतांकडे पाहून प्रथमच वाटले.

घाट उतरण्यापूर्वी अजिंठा गाव लागते. आम्ही १९७९ साली येथे उतरलो नव्हतो. या वेळी मी मुद्दाम उतरलो. येथे पारोची कबर आहे.

मेजर रॉबर्ट गिल आणि पारो यांची कथा मराठी वाचकांना ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या काव्यामुळे आणि त्यावरून निघालेल्या २०१२ च्या चित्रपटामुळे माहीत आहे. मद्रास सैन्यातला हा अधिकारी १८४४ साली कंपनी सरकारच्या हुकुमाने येथे आला. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. लेण्यांतील चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती त्याने वर्षानुवर्षे रंगविल्या. त्या लंडनला पोचल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळाल्या. उरली ती त्याची छायाचित्रे. १८६४ साली फर्ग्युसनने त्यांचे पुस्तक काढले होते. गिल १८७९ साली वारला आणि भुसावळला पुरला गेला.

ही माहिती मला तोंडपाठ होती. कबरीवरच्या दगडावर पारोच्या मृत्यूची तारीख आहे, २३ मे १८५६. गिलने कॅमेरा हाती घेतला तोही १८५६ च्याच सुमारास. या दोन तारखा मी कैक वेळा वाचल्या असतील. परंतु त्या शेजारीशेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी मला आजवर झाली नव्हती. त्यांचा एकमेकींशी संबंध होता असे मी म्हणणार नाही. तरीही त्या दगडापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. ज्याने हजार वर्षांपूर्वीच्या राण्या आणि दासी एवढ्या निष्ठेने उतरवून घेतल्या, त्याच्या माणसाची खूण म्हणून दगडावर अक्षरे तेवढी राहिली. मी कॅमेरा पिशवीतून काढला नाही.

लेण्यांपाशी पोचलो तेव्हा वाघूर नदी खळाळत होती. पहिल्या लेण्यात पद्मपाणीपुढे गर्दी. आत फ्लॅशला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. त्या चित्रांनी प्रतिकृती करणाऱ्यांचेही पुष्कळ सोसले आहे आणि सांभाळणाऱ्यांचेही. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणवून पोपडे जागच्या जागी बसविले. चित्रे वाचली, पण त्यांवर दिलेले रोगण पुढे पिवळे पडले. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी रंगीत छायाचित्रांसह अजिंठ्याचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध केले. आमच्या बागेआमच्या अजायबघरात अजिंठ्याच्या प्रतिकृती आहेत. शाळकरी वयात त्या पाहिल्या तेव्हापासून हे ठिकाण माझ्या मनात होते. लग्नानंतर हिला पहिल्याने दाखविले तेही हेच.

मी एकोणिसाव्या लेण्याकडे निघालो. अंगणाच्या कडेला, जेथून तो फोटो घेतला होता ती जागा शोधून काढली. कमान, यक्ष, देवडी, सारे जेथल्या तेथे. ऊनही तसेच, समोरून पडलेले. मी फोटो घेतला आणि मागच्या पडद्यावर पाहिला. स्वच्छ, रेखीव, निर्दोष फोटो होता. पण त्यात लेणे केवढे आहे ते कळत नव्हते. खेळण्यातले म्हणावे तर खेळण्यातले, डोंगराएवढे म्हणावे तर डोंगराएवढे. नकाशाकाराच्या नोकरीत असा नकाशा मी साहेबांपुढे नेला असता तर तो त्यांनी परत केला असता. माप नव्हते.

मी पायरीवर बसलो. त्याच अंगणाच्या बाजूच्या भिंतीत नागराज आणि त्याची राणी शेजारी शेजारी बसलेली आहेत. दीड हजार वर्षे दोघे तशीच बसली आहेत. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

इतक्यात एक कुटुंब आले. परभणीकडचे शेतकरी, मुलीला सासरी पोचवून परतताना वाट वाकडी करून आले होते. मुलाच्या हातात मोबाइल होता. माझा कॅमेरा पाहून तो म्हणाला, “काका, आमचा सगळ्यांचा एक काढता का?” मी उठलो. सगळे पायऱ्यांशी उभे राहिले. म्हातारी तेवढी बाजूला सरकली. तिच्या हातात सगळ्यांच्या चपलांची पिशवी होती.

“या ना आजी.”

“मला कशापाई काढता? लेण्याचा काढा.”

मी उत्तर देऊ लागलो, आणि जे शब्द तोंडात आले ते मी ओळखले. “तुम्ही उभ्या राहिल्याशिवाय लेणे केवढे ते कळायचे नाही,” हेच मी त्रेचाळीस वर्षांपूर्वी याच ठिकाणी म्हटले होते. ते वाक्य मी अर्ध्यावर गिळले.

“आजी,” मी म्हटले, “लेणे मी पुष्कळ वेळा काढले आहे. आज तुमचा काढायचा आहे.”

ती हसली. पिशवी नातवाकडे दिली, पदर सारखा केला. मी जवळ गेलो, इतका की लेणे चौकटीच्या बाहेर गेले. मागे दगडाचा नुसता पोत राहिला. तिरप्या उन्हाने तिच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ उजळली होती. मी चार फोटो घेतले. मग सगळ्यांचा एक घेतला, त्यात तिला मध्ये बसविले.

हैदराबादला परतल्यावर तिच्या फोटोची मोठी प्रत करून मुलाने दिलेल्या पत्त्यावर पाठविली. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. “आजी म्हणती, नाकातली फुली सुदिक दिसती,” एवढेच त्याने सांगितले. त्या एका वाक्याने मला जे समाधान दिले, ते चौदा आल्बमांनी दिले नव्हते.

मग मी ट्रंकेतली जुनी निगेटिव्हे काढली. क्लिक-थ्रीची निगेटिव्हे आकाराने मोठी असतात. मला आशा वाटली. ओळखीच्या स्टुडिओत जाऊन १९७९ चे ते निगेटिव्ह दिले आणि सांगितले, लेणे राहू द्या, पायथ्याशी जी बाई आहे ती मोठी करा. दोन दिवसांनी फोटो हातात आला. चेहरा ओळखता येत नाही. दाणे दाणे झाले आहेत. पण उभे राहणे तिचेच. खांद्याला माझी पिशवी. समोरून ऊन येत असल्याने एक हात कपाळाशी आडवा धरलेला. आणि त्या हाताखालून ती पाहते आहे ती समोर, कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे. मी त्या वेळी कमानीची उंची चौकटीत बसते की नाही ते पाहत होतो.

तो फोटो मी चौकट करून दिवाणखान्यात लावला. शालूचा काठ असलेला काढून ठेवला. येणारे जाणारे विचारतात, “हे काय आहे? नीट दिसत नाही.” अक्का मात्र आल्या, चष्मा न लावता दारातूनच पाहिले आणि “अय्यो, वहिनी!” म्हणून तेथेच खाली बसल्या.

माझी उदासी प्रवासाने गेली असे मी म्हणणार नाही. प्रवासाने ती जात नाही. फार तर तिला मोकळी हवा मिळते. कॅमेऱ्यानेही दुःख कमी होत नाही. पण ते कोठे उभे राहून पाहावे, हे कधी कधी कळते.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या नवरात्रात, वर्षश्राद्ध होऊन गेले होते. मुलगी पुण्याहून आली आणि आम्ही घट बसविले. पाटावरचा हत्ती तिने काढला. सोंड थोडी आखूड झाली. संध्याकाळी मीच अक्कांना जाऊन सांगितले की या खेपेस बतुकम्मा आमच्या दारातच येऊ द्या. त्या आल्या. तरवडाच्या पिवळ्या थरांभोवती फेर सुरू झाला. मी पायरीवर कॅमेरा घेऊन बसलो, आणि फेरातली प्रत्येक बाई माझ्यासमोरून गेली तेव्हा तिचा, एकेकीचा, चेहऱ्याचा फोटो घेतला. दोघीतिघी लाजून म्हणाल्या, “मला नको, काका, फुलांचा घ्या.” फुलांचा एकही घेतला नाही.